कासला नेलं होतं

काल सुनेनं फोनवर कासच्या पठाराचे फोटो दाखवले. "आई, रविवारी येता का?" मी गुडघ्याचं कारण सांगितलं.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. लग्न नवीन होतं. हे पलटणीतून सुट्टीवर आले होते. मित्राची मोटारसायकल मागून आणली आणि मला मागं बसवून यवतेश्वरचा घाट चढले. वर तेरड्यानं पठार गुलाबी झालं होतं, मधूनच सोनकीचे पिवळे पट्टे. धुकं सरकलं तसा झाडीच्या कडेला एक गवा दिसला. "हलू नगंस," म्हणत यांनी माझा हात धरला. एवढं सुख मला ठाऊकच नव्हतं.

गवा झाडीत गेल्यावर हे म्हणाले, "पलटणीत बायकोला ठिवायला क्वार्टर मिळालंय. पर तुला न्हाई नेत. आईजवळ कोण हाय?"

"आवं, मग हितं कशाला आणलंत?"

"घरात रडली असतीस. शेजारीपाजारी ऐकत्यात."

मी तिथंही रडले नाही. हे पेन्शनवर येईपर्यंत सासूजवळच राहिले. पाहुणे आले की हे मात्र सांगायचे, "नवी असतानाच हिला कास दाखवलंय मी." पाहुणे माझ्याकडं कौतुकानं बघायचे आणि मी चहा ओतत राहायचे.