डाकोटाची शेपटी

नानासाहेब पहिल्यांदा भंगाराच्या वखारीत शिरले, तेव्हा नारायणगावच्या बाजारातली निम्मी कोथिंबीर सुकली आणि उरलेली सावधानमध्ये उभी राहिली, असं वखारीचा मालक भंवरलाल शपथेवर सांगायचा. मिशा अशा, की दोन्ही टोकांवर टॉवेल वाळत घालावेत. नानांनी मागच्या कोपऱ्याकडे बघून कडक सलाम ठोकला. तहसीलदार आले की काय म्हणून भंवरलाल दचकून वळला. तिथं लिलावात गळ्यात पडलेली डाकोटा विमानाची शेपटी उभी होती.

"जयभीम शेठ. ही आमची हाय."

"तुमची कशी राव? लिलावात मी घेतलीय."

निमगाव साव्याच्या नानांनी हवाई दलात फिटर म्हणून उमेदीची सगळी वर्षं डाकोटाच्या पोटाखाली घालवली होती. डोंगरातल्या चौक्यांवर त्या विमानातून तांदूळ टाकत, रॉकेल टाकत, जिवंत शेळ्यासुद्धा पॅराशूटनं सोडत. पेन्शनीत आल्यावर नानांनी हे पारावर सांगितलं आणि गावाला जन्माची करमणूक झाली. "नाना, शेळी खाली उतरल्यावर छत्री मिटून ठेवायची का वं?" लोक रोज विचारायचे.

म्हणून ही शेपटी त्यांना चौदा एप्रिलला विहारासमोर उभी करायची होती. चौथरा बांधून तयार होता. एकदा गावानं डोळ्यांनी बघावं, एवढंच.

भंवरलाल विरघळला. "न्या नाना, माझ्याकडून विहाराला. तोवर तिला कुणी हात लावणार नाही."

नाना त्याच दिवशी नेते तर हे लिहायची वेळ आली नसती. पण ते म्हणाले, "अशी मळकी न्हेऊ? लेकीला सासरी धाडताना तोंड तरी धुतोच की."

त्या हिवाळ्यात दर बाजाराला ते काथ्या आणि पॉलिशपेपर घेऊन यायचे. जुना रंग पार खरवडून काढायचा आणि नवा गावात द्यायचा, असा त्यांचा बेत. एकदा त्यांची बायको जानकाबाई सोबत आली. घटकाभर बघून म्हणाली, "माझ्याकडं कधी एवढं बघितलं न्हाई." मार्चपर्यंत शेपटी अशी लखलखली, की भंवरलाल तिच्यात बघून दाढी करू लागला.

मग तो पुतणीच्या लग्नाला राजस्थानात गेला आणि वखार बघायला पुण्याहून मुलगा संयम आला. संयमला बापानं लहानपणापासून धंद्याचा एकच धडा दिला होता: रंगाचा माल मागं ठेवायचा, साफ माल आधी भट्टीला पाठवायचा. वखारीत शेपटीइतकं साफ काहीच नव्हतं. नानांना दिलेला शब्द तेवढा त्याला सांगायचा राहिला होता.

नाना ट्रॅक्टरची ट्रॉली धुऊन, तिच्यात गवत अंथरून आले, तेव्हा भंवरलाल परतला होता.

"नाना, चूक माझी."

नानांनी मोकळ्या कोपऱ्याकडे बघितलं. "पोराला बोलू नका शेठ. घासली मी."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भंवरलाल पुढं कितीतरी वर्षं म्हणायचा. नाना परत वखारीकडे फिरकले नाहीत आणि पारावर शेळ्यांचं नावही काढलं नाही.

२००४ साली ते वारले. विहारासमोरच्या चौथऱ्यावर त्याच वर्षी पाण्याची प्लॅस्टिकची टाकी बसवली.