सासऱ्यांनी पाहिलेला डाग

सबंध धाराशिव जिल्ह्यात माणसाच्या तोंडाआधी त्याच्या कातडीला रामराम घालणारा एकच गृहस्थ आहे, आणि ते नेमके माझे सासरे आहेत. कुष्ठरोगाच्या तपासणीसाठी घरोघर हिंडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले ते फक्त कागदावर. तेर गावच्या एका लग्नात त्यांनी वाढप्याचा हात वरणाच्या बादलीसकट धरून ठेवला. "हे गजकर्ण. काठ उठलेला, मधी साफ. लई खाजतंय ना?" तो बिचारा व्हय व्हय करत राहिला आणि पुढची अख्खी पंगत कोरड्या भाताकडं बघत बसली. बेंबळीच्या एसटीत पुढच्या सीटवरच्या अनोळखी माणसाची मान त्यांनी खिडकीच्या उजेडाकडं वळवली आणि "घाबरू नका, शिबं आहेत, नखानं कोंडा निघतोय," असं सांगून परत सरळ करून दिली. सासूबाई वैतागून म्हणतात, "ह्यांच्या ध्यानात माणसांची नावं राहत न्हाईत, चामखिळी राहतात."

मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पोहे झाले, मुलगी मनापासून आवडली, आणि मुलीचे वडील, म्हणजे हे, उठले. "मुलगी तुम्ही बघितली, आता आमी मुलगा बघतो. उन्हात या, सदरा काढा." माझ्या थोरल्या चुलत्यांना ठसकाच लागला. मी लाजत बनियनवर अंगणात उभा. यांनी देवघरातला कापूस आणून त्याची बारीक वळी केली. "डोळे मिटा. कापूस लागंल तिथं बोट ठेवा." मानेवर ठेवलं, मनगटावर ठेवलं, मग नुसताच थांबलो.

"लावा की," मी म्हणालो.

"तीनदा लावला," ते म्हणाले.

दंडाच्या मागं, त्यांनी तीनदा कापूस लावला तिथं, रुपयाएवढा फिकट डाग होता. ना खाज, ना दुखणं. आई म्हणायची, उन्हानं पडलाय. त्यांनी मला शेवग्याखाली नेलं आणि हळूच म्हणाले, "खाजतंय ते माणूस आपणहून दाखवतो. हे गप बसणारं हुडकावं लागतं. कुष्ठाची सुरुवात वाटती. दवाखान्यात पक्कं करू. सहा महिन्यांच्या गोळ्या, साफ बरं व्हतं." मला पुढचं ऐकूच येईना. लग्न मोडलं, एवढंच कळत होतं. ते आत जाऊन लेकीशी बोलून आले. "सगळं सांगितलं. ती थांबते म्हणती," एवढं माझ्या कानात, आणि मग चुलत्यांना मोठ्यानं, "पोरगा पसंत आहे. पण तारीख सहा महिन्यांनंतरची धरा, अडचण आमच्याकडची आहे."

दवाखान्यात निदान पक्कं झालं. दर महिन्याला हे स्वतः माझ्यासोबत यायचे आणि महिन्याचा पहिला डोस समोर गिळायला लावायचे. डॉक्टरांनी बरं झाल्याचं सांगितलं, मग लग्न झालं. त्याला आता नऊ वर्षं झाली, आणि संसार छान चाललाय.

सासऱ्यांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरलाय. डाग दिसत नाहीत, म्हणून बोटांनी चाचपतात. गेल्या दिवाळीत ते माझा दंड असाच चाचपत असताना मी म्हणालो, "मामा, तुम्ही तेव्हा नाही म्हणाला असता तरी कुणी दोष दिला नसता."

"दारोदार सांगत फिरलो, ह्यो रोग बरा व्हतो, माणसं तोडू नका. माझ्याच दारात कसं तोडू?" मग माझा दंड सोडून म्हणाले, "पण खरं सांगू का जावईबापू? लई भ्यालो व्हतो. त्या दिवशी शेवग्याखाली तुम्हाला धीर देताना पोरीचाच इचार मनात व्हता."

इतकी वर्षं मी समजत होतो, त्या दिवशी अंगणात भ्यालेला मी एकटाच होतो.