मेंढरं बसलेल्या रानाची साक्ष

ती पावतीवही अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सत्तरच्या दशकात सांगलीच्या पूर्वेकडच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात खांद्यावर घोंगडं टाकलेला एक म्हातारा मेंढपाळ थेट माझ्या टेबलापाशी आला.

"सायेब, मला आत टाका, न्हाईतर मी पैसं खाल्लं न्हाईत असं लिवून द्या."

स्वतःहून कोठडी मागणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्याला बसवून चहा दिला, तेव्हा हकिकत कळली. कापसावरच्या औषधफवारणीचं सरकारी अनुदान त्याच्या नावे मंजूर झालं होतं. उन्हाळ्याअखेर मेंढरं घेऊन तो गावी परतला आणि कचेरीत चौकशीला गेला, तर कारकुनानं पावतीवहीतला अंगठा दाखवला. म्हणे, पैसे पौषातच नेलेत. जमीन दोघा भावांची सामाईक. थोरल्याला वाटलं, धाकट्यानं परस्पर उचलले.

"पंधरा दिस झालं, दादा माज्याशी बोलंना. माजं ताट बी येगळं केलंय."

रकमेपेक्षा मला त्या ताटाचंच जास्त लागलं. तक्रार नोंदवून मी वही ताब्यात घेतली.

ठसे पाहून हसूच आलं. शाई इतकी फासलेली, की तज्ज्ञालाही एक रेष सापडू नये. कारकून मात्र बेफिकीर. "अंगठा आहे, दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. आणखी काय हवं, साहेब?"

वही मी चार वेळा चाळली. त्या गावच्या अकरा मेंढपाळांनी एकाच दिवशी पैसे नेले होते. सरकारी वाटपाला एकही जण गैरहजर नाही, हे मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. माझं कुतूहल चाळवलं.

"पौषात कुठं होतात तुम्ही?" मी म्हाताऱ्याला विचारलं.

"आष्ट्याकडं. उसाच्या रानात मेंढरं बसवत हुतो. रानाला खत हुतंय, मालक आमास्नी धान्य देतोय. अकरा बी जण संगंच हुतो की."

दुसऱ्या दिवशी मी आष्टा गाठलं. रानाचा मालक निवृत्त हवालदार निघाला. पलटणीतली सवय सुटली नव्हती, रोजनिशी रोजच्या रोज लिहायचा. वाटपाच्या तारखेचं पान त्यानं उघडलं. "अकरा जणांची मेंढरं खालच्या रानात बसली. म्हाताऱ्याला ताप. गोळी दिली."

ते पान पुढे ठेवताच कारकुनानं कबुली दिली: अंगठे आणि साक्षीदारांच्या सह्या, सगळं त्याचंच. अनुदानाची यादी चावडीवर लावायची होती, ती त्यानं कपाटात कुलूपबंद ठेवली होती. मी विचारलं, "हेच अकरा का निवडलेस?"

"फिरस्ती माणसं, साहेब. पौषात कुठं असतात, कोण सांगणार?"

तिथंच तो फसला. घरी बसलेला माणूस अमुक दिवशी कुठं होता, हे शेजाऱ्यालाही आठवत नाही. पण ज्याच्या रानात मेंढरं बसतात, तो धान्याच्या हिशेबासाठी एकेक दिवस धरून ठेवतो.

गुन्हेगार सापडला की काम संपलं, असं तोवर मला वाटायचं. या प्रकरणानं तो समज मोडला. ती यादी वेळेवर गावासमोर आली असती, तर म्हाताऱ्याला ठाण्याची पायरी चढावीच लागली नसती. म्हणून तहसीलदारांना गळ घालून मी ती चावडीवर वाचायला लावली.

म्हाताऱ्याचं नाव आलं. तलाठी म्हणाला, "रक्कम मिळालेली नाही."

"आनि येकडाव वाचा," म्हातारा म्हणाला, "मोट्यानं."

तलाठ्यानं पुन्हा वाचलं. मागं बसलेला थोरला भाऊ उठून उभा राहिला.

"चुकलं माजं रं," तो सगळ्या गावासमोर म्हणाला. म्हातारा ढसाढसा रडू लागला, आणि अंगावर वर्दी असूनही मला तोंड फिरवून घ्यावं लागलं.