वाकायला मनाई होती तेव्हा

त्या भाद्रपदात महालक्ष्मी माझ्यावर रुसली आहे, अशी माझी खात्रीच झाली होती. साठीच्या उंबरठ्यावर मी चेहऱ्याची शस्त्रक्रिया, फेसलिफ्ट, करून घेतली. हौस म्हणा. मी ठणठणीत असले तरी आमच्या लकडगंज भागात जो भेटेल तो “तब्येत बरी नाही काय?” विचारायचा, त्याचा वीट आला होता. आमचे महालक्ष्म्यांचे मुखवटे रंगवून घ्यायचं म्हटलं की “जुनंच रूप बरं” म्हणून ह्यांना दरवर्षी गप्प करणारी मीच, त्यामुळे ह्यांनी भरपूर चिडवून घेतलं.

कानापुढून मागे चीर घेऊन, नुसती कातडी न ताणता, डॉक्टरांनी तिच्याखालचा थर उचलून बसवला. सूज, गळ्यापर्यंत उतरलेले निळे-पिवळे डाग, बधिर कान, उशांना टेकून अर्धवट बसून झोपणं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पण हसताना ओठाचा डावा कोपरा हलेना. “नस सुस्तावली आहे. बहुधा परत येईल, धीर धरा,” ते म्हणाले. त्या ‘बहुधा’नं माझी झोप उडवली. त्यात काही आठवडे खाली वाकायला सक्त मनाई, आणि महालक्ष्म्या नेमक्या तेव्हाच आल्या. सून म्हणून आल्यापासून त्यांच्यापुढे डोकं टेकलं नाही असं एकही वर्ष गेलं नव्हतं.

पंगतीच्या दिवशी गालावर पदर ओढून मी देवीपुढे उभी होते. डोळे भरून आले. शेजारणीसोबत कन्हान गावची एक म्हातारी प्रसादाला आली होती, कमरेला पट्टा बांधलेली.

“काहून रडून राहिली वं?”

“मला वाकता येत नाही, आजी.”

“मले तरी कुठं येते? माय का पायानं पाह्यते काय? डोळ्यानं पाह्यते. तूबी पाह्य न तिच्याकडे.”

आमच्या महालक्ष्म्या उभ्याच्या, माझ्याच उंचीच्या. इतकी वर्षं खाली मान घालून मागत आले, तोंड कधी नीट पाहिलंच नव्हतं. रंग उडालेला, नाकाशी टवका गेलेला, आणि नजर अगदी शांत. मी पदर सोडला. “आई, आता तू बघ,” एवढंच म्हटलं. त्या दिवसापासून रोज आरशापुढे हसून ओठ हलतो का ते पाहणं सोडलं.

दिवाळीत ह्यांनी पुन्हा विचारलं, “मुखवटे रंगवून घ्यायचे काय?” मी हसले, तर हे बघतच राहिले. “अगं, दोन्हीकडून हसलीस!”

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं, हे मला मान्य आहे. तरी मी मुखवट्यांची पेटी उघडली, आधी आईच्या डोळ्यांत पाहिलं, आणि मग वाकले.