मोटार विकायची ठरली तेव्हा

तिरोडा रस्त्यावरचे आमचे मिस्त्री जुन्या मोटारीला हात लावण्याआधी बोनेटवर थाप मारून विचारतात, "काऊन रुसली वो बाई?" उत्तर मिळाल्यासारखी मान हलवतात आणि मगच पाना उचलतात. आजोबांची बंद पडलेली मोटार मिस्त्रींनी आणि मी मिळून पुन्हा चालती केली. सीटमध्ये उंदरांनी साठवलेलं धान निघालं, ते त्यांनी कोंबड्यांना घातलं. मला काम शिकवताना म्हणायचे, "चालू कराले धा गोष्टी लागतेत जी, बंद पाडाले एकच पुरते."

धानाची पोती ठेवायला जागा हवी, म्हणून घरच्यांनी ती मोटार विकायचं ठरवलं. नागपूरहून गिऱ्हाईक येणार होतं, त्या सकाळी मिस्त्री लवकरच आले आणि बोनेटखाली काहीतरी पुसत बसले. गिऱ्हाइकाने चावी फिरवली, तर मोटार नुसती घरघरली. "बुढी झाली जी," मिस्त्री तोंड पाडून म्हणाले, "कवा चालते, कवा नाई." गिऱ्हाईक चहा पिऊन निघून गेलं.

ते वळणाआड जाताच मिस्त्रींनी खिशातून इंजिनाचा एक काळा तुकडा काढला, जागेवर बसवला आणि ऐटीत चावी फिरवली. मोटार पुन्हा नुसतीच घरघरली. त्यांनी वाकून चाचपलं, तर कॉइलची वायर सुटलेली होती. ती मी पहाटेच काढली होती.

मिस्त्री कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळले.

"मले सांगाचं होतं ना जी!" ते वैतागून म्हणाले. "मी सकाळपासून तुमालेच भिऊन राहिलो!"