मामाजींनी निवडलेला प्रिंटर

मंडळी, आज भंडाऱ्याला प्रिंटर घ्यायला गेले होते. लग्न होऊन करडीला आल्यापासून तुमसरच्या राईस मिलवाल्यांची जीएसटीची कामं मी घरूनच करते. सोबत माझे सासरे, आमचे मामाजी होते.

दुकानदाराने विचारलं, "घरी पाहिजे की ऑफिससाठी?"

"घरीच. कधीमधी लागतो," म्हणत मी सगळ्यात लहान प्रिंटर दाखवायला सांगितला.

मामाजी मधेच बोलले, "कधीमधी कायले? दिवसभर काम करून राहते सूनबाई. तिच्या ऑफिसले पाहिजे. स्कॅन, झेरॉक्स सगळं एकातच होईल असा दाखवा. अन् वायफायवाला. नेटचा डब्बा बैठकीत हाये, तिचं ऑफिस मागच्या खोलीत."

घरी पाहुणे आले की मी लॅपटॉप मिटून चहा ठेवायला उठते. मामाजी कधी काही बोलले नाहीत, म्हणून मला वाटायचं, त्यांना माझं काम टाइमपासच वाटत असेल. पण 'ऑफिस' हा शब्द तर मीच कधी वापरला नव्हता.

मामाजींनी सांगितला तसाच प्रिंटर घेऊन आलो.

घरून काम करणाऱ्या मैत्रिणींनो, कुणी विचारलं तर तुम्ही आपल्या कामाबद्दल काय सांगता?