जहरबाई

रंगूबाईला सारं गाव जहरबाई म्हणायचं. तोंडावर नाही, पाठीमागं. पण तिच्या कानावर जाईल एवढ्या मोठ्यानं. ऐकू आलं की ती वळायची आणि म्हणायची, "हौ, हावो मी जहरबाई! तुमच्यासारखी दवाईबाई त नाई!"

भांडण होतं एका शब्दाचं. बहात्तरचा दुष्काळ सरला, रिसोडच्या अंगाला शेताशेतात हायब्रीड आली आणि तिच्या मागोमाग फवारणीचे डबे आले. त्या डब्यातल्या विषाचं बारसं कोणी केलं कोण जाणे, पण साऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं दवाई. कपाशीवर कीड पडली, मारा दवाई. बाजेत ढेकूण झाले, टाका दवाई. लेकराला खोकला झाला, तर तीही दवाईच! मोठ्या माणसाला यातला फरक कळतो हो, पण पाच वर्षांच्या पोरीनं तो ओळखावा कसा?

रंगूबाई शेषरावच्या शेतात तण निंदायला जायची. बायांची लेकरं बांधावर खेळायची आणि फवारणी सुरू झाली की पंपाच्या मागं त्या फवाऱ्यात हुंदडायची. त्यांना तो वास आवडायचा! रिकामा डबा सापडला की त्यात पाणी भरून खेळ मांडायची. रंगूबाई खुरपं टाकून धावायची.

"सरका पोट्टेहो, जहर हाय थे!"

एकदा शेषराव बांधावरून कडाडला, "रंगूबाई, उभ्या पिकात असं अभद्र कायले बोलून राह्यली वं? पिकाले दवाई देऊन राह्यलो मी. जहर देऊन राह्यलो का?"

"मंग घ्या ना एक घोट, मालक!"

बायांनी तोंडाला पदर लावले. शेषराव काही हसला नाही. त्यानं दुसऱ्या दिवसापासून तिला कामाला बोलावणं बंद केलं. घ्या! खरं बोललं की पोटावर पाय. पुढं फवारणीचा हंगाम सरला तेव्हा कुठं परत बोलावलं, तेही त्याची बायको लिलाबाई मध्ये पडली म्हणून. तिनंही वर शहाणपण शिकवलंच, "मायबाई, जहर म्हणलं का शेतातली बरकत जाते. दवाई म्हणायले तुह्यं काय जाते?"

गावाचं सोडा, रंगूबाईच्या घरातच पालथ्या घड्यावर पाणी होतं. तिचा एकुलता एक लेक जगदेव शेषरावकडं पाठीवर पंप घेऊन फवारायचा. एका संध्याकाळी तो उरलेलं विष बाटलीत घालून घरी घेऊन आला.

"फेक थे," रंगूबाई म्हणाली.

"आये, ढेकणाईनं झोप नाई आमाले. जराशी दवाई आणली त कायले बोंबलून राह्यली?"

"दवाई नोको म्हणू! घरात लेकरू हाय."

"सारं गाव म्हणते. मी काय नवं म्हणून राह्यलो?"

लेकरू म्हणजे भागिरथा, जगदेवची पोरगी. आजीचा सारा जीव तिच्यात. रंगूबाईनं चरफडत बाटली उचलली आणि पार वर, आढ्याला खोचली. पण सकाळी ती पाण्याला गेली आणि सुनेनं, गोमतीनं, ती बाटली खाली काढली. बाजेवर शिंपडली आणि तिथंच बाजेखाली ठेवली. मग बसली भाकरी थापायला. भागिरथा खोकत होती. तिची खोकल्याची बाटली कोनाड्यात होती. गोमतीचे हात पिठात, ती न वळताच म्हणाली, "अवं, कवाची खोकून राह्यली! जाय, दवाई घे."

पोरगी मायचं ऐकणारी. समोर जी दवाई दिसली ती तिनं घेतली.

रंगूबाई डोक्यावर पाण्यानं भरलेली गुंड घेऊन दारात आली तर पोरगी ओकत होती आणि घरभर तो वास. गुंड तिथंच सुटली. शेषरावनं आपली बैलगाडी दिली, तेवढं मात्र केलं त्यानं. रंगूबाईनं नातीला मांडीवर घेतलं. तालुक्याच्या बाजारात गाडी अडकली, तसा जगदेव उडी मारून डॉक्टरच्या दवाखान्याकडं पुढं पळाला.

गर्दीतून वाट काढत रंगूबाई पोरीला घेऊन पोचली, तर हा बाकावर बसलेला! नंबर लावून!

"अबे, बसला काहून? सांगतलं नाई का?"

"सांगतलं ना. पोरीनं दवाई पेली म्हणून सांगतलं," जगदेव रडकुंडीला येऊन म्हणाला. "कंपाउंडर म्हणते, दवाई पेली त मंग गुंगी येणारच. नंबर आला का डाक्टर पाह्यतीन."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातांवर लेकरू झटके द्यायला लागलेलं आणि बाप नंबर धरून बसलेला! ती सारा दवाखाना हादरेल अशी ओरडली, "जहर पेलं हो माह्या नातीनं! जहर! जहर!"

त्या एका शब्दानं दवाखान्याला पाय फुटले. डॉक्टर हातातला रोगी टाकून धावत आला. कंपाउंडरनं नळी आणली. कोणी अभद्र म्हणालं नाही.

पोरगी वाचली. बरेच दिवस ठेवून घेतली, पण वाचली. घरी सोडताना डॉक्टरनं जगदेवला फैलावर घेतलं, "अक्कल आहे का रे? फवारणीचं औषध कोणी घरात ठेवतं?"

औषध! रंगूबाईनं कपाळावर हात मारून घेतला. पोरीच्या पोटातून ते विष ज्यानं स्वतःच्या हातानं काढलं, तोही औषधच म्हणतो! आता भांडावं तरी कोणाकोणाशी? डॉक्टरचं तिकडं लक्षही नव्हतं. त्यानं लाल बाटली तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "हे औषध द्या तिला, सकाळ-संध्याकाळ."

संध्याकाळी घरी रंगूबाईनं झाकणात दवाई ओतली आणि नातीपुढं धरली. भागिरथानं ओठ घट्ट मिटले. तिनं झाकणाकडं पाहिलं, मग आजीकडं.

"आजी, हे दवाई माही हाय का पिकाची?"

रंगूबाईनं ते झाकण आधी स्वतःच्या तोंडाला लावलं आणि घोट गिळला. पोरगी तिच्या तोंडाकडं बघत राहिली.